मार्ग आणि माग

मार्ग म्हणजे रस्ता, याबद्दल आज कुणाला शंका नसते. महामार्ग, लोहमार्ग, भुयारी मार्ग, पर्यायी मार्ग अशा पाट्यांवरून हा शब्द आपल्यासमोर येतो तो आधीच कुणीतरी आखलेला, मोजलेला, खडी-डांबर घातलेला असा. शंका येते ती 'माग' या त्याच्या झिजलेल्या रूपापाशी. चोराचा माग काढतात, पोलीस कुणाच्या तरी मागावर असतात, रानात चुकलेल्या गुराचा माग लागत नाही. हा माग काही रस्ता नव्हे. तो जमिनीवर उमटलेला ठसा असतो, मोडलेली काडी असते, आणि ज्याला वाचता येतो त्याच्यापुरताच तो असतो. एकाच शब्दाची ही दोन रूपे एकमेकांपासून इतकी लांब कशी गेली? शाळेत ठसलेले उत्तर असे, की संस्कृत शब्द मूळचा आणि शुद्ध, मराठी रूप म्हणजे त्याचा अपभ्रंश. तेव्हा अर्थही 'मार्ग'चा मूळचा आणि 'माग'चा पुढे आकसलेला असणार. मला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. वाट शोधण्याचा जो अर्थ या शब्दाच्या पोटात होता तो तत्सम रूपाने बराचसा टाकून दिला आणि तद्भव रूपाने सांभाळला. मात्र तिथवर जाण्याआधी या शब्दाविषयी आजवर काय काय म्हटले गेले ते पाहायला हवे, कारण विरुद्ध बाजू वाटते तितकी लेचीपेची नाही.

सुरुवात ऋग्वेदापासून करावी, तर तिथे वाटेसाठी शब्दांची वाण नाही. पन्थाः आहे, अध्वन् आहे, गातु आहे, वर्तनि आहे. रस्ता या अर्थाने 'मार्ग' मात्र तिथे भेटत नाही. यांपैकी 'पन्थाः'चा विचार एमिल बेन्वेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९५४ सालच्या एका निबंधात केला आणि तो पुढे शब्दार्थशास्त्रात नावाजला गेला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. पन्थाः म्हणजे तयार, रहदारीचा रस्ता नव्हे. अनोळखी, अडचणीच्या, प्रसंगी शत्रूच्या मुलखातून जी वाट पाडावी लागते ती पन्थाः. पक्ष्यांची आकाशातली वाट, नद्यांची वाट याच शब्दाने सांगितली जाते. म्हणूनच या शब्दाचे भाऊबंद लॅटिनमध्ये पूल, ग्रीकमध्ये समुद्र आणि आर्मेनियनमध्ये नदीचा उतार अशा वेगवेगळ्या अर्थांनी सापडतात. जिथे ओलांडणे कठीण तिथून ओलांडून जाणे, हा त्या सगळ्यांतला समान धागा. इंग्रजीत शोधून सापडणे यासाठी जो 'फाइंड' आहे, तोही बहुतेक अभ्यासक याच धातूकडे नेतात. आपल्याकडे मात्र हा शब्द 'पंथ' होऊन संप्रदायात जाऊन बसला आणि त्यातली अडचण, अनिश्चितता सगळी निघून गेली. पंथात शिरलेल्या माणसाला वाट शोधावी लागत नाही, हीच तर पंथाची सोय. ही बाब आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण तिच्यातून निदान एवढे दिसते की वाटेसाठी असलेला शब्द आधी अनिश्चित आणि मग पक्का, असा प्रवास करू शकतो. 'मार्ग'नेही तोच केला असे म्हणायला अर्थात एवढ्याने भागणार नाही.

'मार्ग'च्या व्युत्पत्तीविषयी परंपरेतच दोन तट आहेत, आणि राधाकान्त देव यांच्या 'शब्दकल्पद्रुम' या एकोणिसाव्या शतकातल्या महाकोशाने ते दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत. पायांनी जो साफ होतो तो मार्ग, ही एक फोड. जाण्यासाठी जो शोधला जातो तो मार्ग, ही दुसरी. पहिली 'मृज्' म्हणजे पुसणे, घासणे, स्वच्छ करणे या धातूवरून निघते आणि दुसरी 'मृग्' म्हणजे शोधणे यावरून. धातुपाठात शोधण्याच्या अर्थाचे 'मृग' आणि 'मार्ग' असे दोन्ही धातू नोंदलेले आहेत.

पहिल्या पक्षाची बाजू आधी पुरती ऐकू, कारण व्याकरणाच्या कसोटीवर ती बिनचूक आहे. 'त्यज्'पासून त्याग, 'युज्'पासून योग, 'रुज्'पासून रोग आणि 'भुज्'पासून भोग होतो, तसा 'मृज्'पासून मार्ग होतो. शेवटच्या ज-चा ग करणारा नियम पाणिनीने सातव्या अध्यायात (७.३.५२) दिला आहे आणि 'मृज्'च्या स्वराला वृद्धी सांगणारे खास सूत्रही त्याच अध्यायात (७.२.११४) आहे. मार्जन, मार्जार, केरसुणीसाठी असलेला संमार्जनी हे सगळे त्याच घरचे. शिवाय ही फोड निव्वळ कागदी नाही, याला एक चालताबोलता पुरावा आहे. हरतालिकेच्या आणि गौरी-गणपतीच्या पत्रीत जो आघाडा लागतो, त्याचे संस्कृत नाव अपामार्ग. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात या वनस्पतीला उद्देशून ओळीने तीन सूक्ते आहेत, आणि तिथे तिला पुनःपुन्हा विनवले आहे ते पाप, शाप, करणी पुसून टाक म्हणून. क्रियापद तेच, 'अप' लावलेले 'मृज्'. म्हणजे त्या काळच्या माणसाच्या कानाला अपामार्गातला 'मार्ग' पुसण्याचाच वाटत होता. वनस्पतीच्या नावात 'मार्ग' म्हणजे पुसणे असेल, तर रस्त्याच्या नावात का नसावे? मराठीतही आपण वापरातल्या वाटेला मळलेली वाट म्हणतो. हे मळणे घाण होण्याचे नव्हे, मळणीतले आहे, पायांनी रगडले जाण्याचे. पाय पडून पडून गवत घासून निघाले आणि जमीन उघडी झाली, ती वाट. मार्गाची ही कल्पना साधी आहे, डोळ्यांना पटणारी आहे, आणि ती मोडून काढल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

तिचे उत्तर रूपात नाही, गोतावळ्यात आहे. 'मार्ग' हे रूप 'मृज्'पासून होऊ शकते याचा अर्थ ते झाले असा नाही. तेच रूप 'मृग'पासून तितक्याच सहजपणे होते, आणि त्याचा पुरावा तर प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर टांगलेला आहे. मृगशीर्ष नक्षत्रावरून ज्या महिन्याच्या पौर्णिमेचे नाव पडते तो मार्गशीर्ष. आरंभीच्या स्वराची वृद्धी झाली की मृगाचे ते 'मार्ग' होते. संस्कृतात मृगासंबंधीचे, मृगाचे मांस, कस्तुरी यांनाही 'मार्ग' म्हटलेले आहे. त्या न्यायाने मार्ग म्हणजे मृगाचा तो, जनावराने पाडलेली, जनावर गेल्याची खूण. मोनिअर विल्यम्स यांनी १८९९च्या आपल्या कोशात हीच बाजू घेतली. या शब्दाचे बहुतेक अर्थ 'मृग'वरून आले असे म्हणून त्यांनी आधी शोध आणि शिकार हे अर्थ दिले, नंतर रानटी जनावराचा माग, आणि मग कुठलीही वाट, रस्ता. ही उतरंड मला पटते. ती पटण्यासाठी मात्र 'मृग' म्हणजे हरीण हे आधी डोक्यातून काढावे लागते.

मृग नक्षत्र लागले की पेरणीच्या तयारीला लागणाऱ्या मराठी माणसाला मृग म्हटले की आकाशातले हरीणच आठवते, पण जुन्या भाषेत मृग म्हणजे कुठलेही रानातले जनावर. सिंहाला मृगेंद्र म्हणतात ते तो हरणांचा राजा म्हणून नव्हे, आणि माकडाला शाखामृग म्हणतात ते त्याला शिंगे आहेत म्हणून नव्हे. हत्तीला ऋग्वेद 'हात असलेला मृग' म्हणतो. यास्काने निरुक्तात या शब्दाचा संबंध गतीशी जोडला आहे. फिरते ते मृग, असा त्याचा भाव. इराणी भाषांत याच शब्दाचा जुळा भाऊ पक्ष्यावर जाऊन बसला. अवेस्तातला 'मेरेघ' म्हणजे पक्षी, फारसीतला 'मुर्ग' म्हणजे पक्षी, कोंबडी. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि मुर्गी झाला. म्हणजे खाटकाकडची मुर्गी आणि कण्वाच्या आश्रमातले मृग ही एका आजीची नातवंडे आहेत. तर असे हे फिरते, हाती न लागणारे जनावर. त्याच्या पाठीमागे जाणे ही मृगया, जो जातो तो मृगयु, आणि 'मृगयते' या क्रियापदाचा अर्थ शिकारीमागे जाण्यापासून सुरू होऊन कशाचाही शोध घेणे इथवर पसरला. 'मार्गण' हे नाम पाहावे. अमरकोश ते दोन ठिकाणी देतो, एकदा बाणासाठी आणि एकदा याचकासाठी. बाण लक्ष्य शोधतो, याचक दाता शोधतो. रस्ता पुसण्याशी या दोघांचा काडीइतकाही संबंध लावता येत नाही. 'मृज्' पक्षाला 'मार्ग' या एका शब्दाचा खुलासा करता येतो, पण मार्गण, मृगया, मृगयु या सगळ्या गोतावळ्याला वेगळे काढावे लागते. 'मृग' पक्षाला कुणालाच बाहेर ठेवावे लागत नाही.

इथे एक आक्षेप घेता येईल आणि तो मराठीच्याच जोरावर घेता येईल. पुसणे आणि शोधणे हे अर्थ इतके परके आहेत का? 'शोध' हा शब्द 'शुध्'वरून, म्हणजे शुद्ध करणे यावरून आला. संस्कृतात शोधन म्हणजे साफ करणे. वैद्यकात आजही पंचकर्माला शोधन म्हणतात. तरी मराठीत शोधणे म्हणजे हुडकणे, आणि विद्यापीठातले संशोधन तर नवे काहीतरी हुडकून काढणे. स्वच्छतेच्या धातूपासून शोधाचा अर्थ निघू शकतो हे यातून सिद्धच होते. मग 'मृज्'पासूनही शोधणारा 'मार्ग' का निघू नये? आक्षेप चांगला आहे, पण 'शोध'च्या बाबतीत मधल्या पायऱ्या दिसतात. धान्य निवडणे, हिशेब तपासणे, पोथीतल्या चुका काढणे, खरे-खोटे पारखणे, आणि त्यातून दडलेले बाहेर काढणे, असा तो रस्ता पायरीपायरीने गेला. 'मृज्'च्या बाबतीत अशी एकही मधली पायरी हाती लागत नाही. घासण्यापुसण्यापासून ते थेट उडी मारून शिकारीपाशी जाते. उलट जनावर, जनावरामागे जाणे, शोधणे, ही साखळी कुठेच तुटत नाही. आणि समजा, एखाद्याने तरीही 'मृज्'चाच आग्रह धरला, तरी पायांनी गवत घासून झालेली वाट हीसुद्धा बांधलेला रस्ता नव्हेच. म्हणजे कुठूनही गेले तरी आजच्या पाटीवरचा आखीव मार्ग हा या शब्दाचा पहिला अर्थ ठरत नाही.

शिकारीतून विचाराची भाषा घडली याचे इतरही दाखले आहेत, आणि त्यांत मला सर्वांत बोलका वाटतो तो मनुस्मृतीतला. आठव्या अध्यायात, न्यायदानाच्या संदर्भात (८.४४) एक उपमा येते. जखमी होऊन पळालेल्या जनावराच्या रक्ताचे थेंब पाहत पारधी जसा त्याच्या पावलापर्यंत पोचतो, तसे राजाने अनुमानाने धर्माच्या पावलापर्यंत पोचावे. या एका श्लोकात मृग आहे, मृगयु आहे, पाऊल आहे आणि अनुमान आहे. न्यायाधीशापुढे आलेला प्रकार घडून गेलेला असतो, जनावर डोळ्यांआड झालेले असते. हाती उरतात त्या खुणा. अनुमान, अन्वेषण, अनुसंधान या सगळ्या शब्दांच्या आरंभी जो 'अनु' आहे त्याचा अर्थ 'मागून' हाच. गवेषणेत तर गाय सरळ दिसते, हवी असलेली गाय हुडकणे ती गवेषणा. पदवीधरांना ठाऊक नसेल, पण 'पदवी' म्हणजेही मुळात पावलांची वाट. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या वाणीवरच्या सूक्तात (१०.७१) ऋषी वाणीच्या पावलांचा माग घेत जातात आणि ती त्यांना ऋषींच्याच अंतरात शिरलेली सापडते. तिथे जो शब्द योजला आहे तो या पदवीच्याच घरचा.

परंपरेने स्वतः 'मार्ग'चा अर्थ काय लावला, याचीही साक्ष काढायला हवी, मात्र जपून. पाली अट्ठकथांमध्ये अष्टांगिक मार्गातल्या 'मग्ग' शब्दाचे तीन खुलासे एका दमात दिलेले आढळतात. क्लेशांना मारत जातो म्हणून मग्ग, निर्वाणाची इच्छा असलेले त्याला शोधतात म्हणून मग्ग, किंवा तो स्वतःच निर्वाणाला शोधतो म्हणून मग्ग. पहिला खुलासा म्हणजे अक्षरांचा खेळ, 'मारणे' आणि 'गमन' यांची मोट. उरलेले दोन्ही शोधाचे, आणि त्यांत तिसरा फारच लोभस, कारण त्यात चालणाऱ्याऐवजी वाटच शोधायला निघते. दुसरी साक्ष आपल्या मुलखातली. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात संगीताचे मार्गी आणि देशी असे दोन भेद सांगताना तो मार्गी संगीताची ओळख देतो ती ब्रह्मादिकांनी शोधून काढलेले आणि भरतादिकांनी प्रयोगात आणलेले अशी. इथेही 'मार्ग'चा उलगडा शोधण्याच्या क्रियापदानेच होतो. आता हे ग्रंथकार आजच्या अर्थाने भाषेचा इतिहास लिहीत नव्हते. शब्दातून सिद्धान्त काढून दाखवणे हा त्यांचा हेतू, आणि त्यासाठी ते कुठलीही फोड करायला कचरत नसत. म्हणून त्यांना व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून मी उभे करत नाही. पण 'मार्ग' उच्चारताच शोधणे कानावर येत होते, एवढे त्यांच्याकडून कळते, आणि तेवढे पुरेसे आहे.

आता मराठी. संस्कृत 'मार्ग', प्राकृत 'मग्ग', मराठी 'माग' ही साखळी राल्फ टर्नर यांच्या १९६२ ते १९६६ दरम्यान निघालेल्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात पाहायला मिळते, आणि 'मागे' हे क्रियाविशेषणही तिथे त्याच मुळाखाली येते. त्याआधी शंभर वर्षे मोल्सवर्थच्या कोशाने माग म्हणजे पावलांच्या खुणा, पत्ता लागण्याजोगे चिन्ह असे नोंदवले होते. हातमाग, यंत्रमाग यांतला माग मात्र यात ओढू नये. विणकराच्या त्या मागाचे नाते कन्नडमधल्या 'मग्ग'शी, म्हणजे त्याच यंत्राच्या नावाशी आहे. इचलकरंजीचा माग आणि चोराचा माग यांची गाठ फक्त उच्चारात पडते. उरलेले शब्द मात्र एकाच कुळातले: मागोवा, मागमूस, मागोमाग, मागाहून, मागील, मागचा, मागास. 'मागे' हा 'मार्ग'पासून कसा, असे कुणी विचारील. जनावराचा माग त्याच्या पाठीशी पडत जातो, आणि मागावर असलेला माणूस त्याच्या पाठीशीच असतो. संस्कृतात 'अनुपदम्' म्हणजे पावलामागून, लगोलग. पावलाच्या खुणेवरून 'मागे'ची कल्पना निघते याचे हे दुसरे उदाहरण. पुढे ते जागेवरून काळावर गेले आणि 'मागे एकदा' झाले. शासनाच्या दप्तरातल्या 'मागासवर्गीय' या शब्दातही त्या पावलांचा क्षीण आवाज आहे, जरी तो ऐकायला तिथे कुणाला सवड नसली तरी.

'माग' हा शब्द मराठी मुलखात किती काटेकोरपणे वापरात होता हे पाहायचे तर गावगाड्याकडे वळावे लागते. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याची कामगिरी सांगितली आहे. चोरी झाली की चोर पकडण्याची किंवा माल मिळवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर. पावलांचे ठसे पाहत तो निघायचा. ठसे शेजारच्या गावाच्या हद्दीत गेले आणि तिथल्या जागल्याला त्याने ते पटवून दिले, की पहिल्याची जबाबदारी सुटली आणि दुसऱ्याची सुरू झाली. असे करत करत ज्या शेवटच्या गावापर्यंत माग स्पष्ट पोचला, ते गाव चोरीला गेलेल्या मालाला जबाबदार धरले जाई. या पद्धतीत माग ही एखादी धूसर खूण राहत नाही. तो एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सोपवता येतो, त्याच्यावर हुज्जत घालता येते, तो नाकारता येतो, आणि त्यावरून भरपाईचा आकडा ठरतो. हद्दीवर उभे राहून दोन जागले धुळीतला एकच ठसा वाचत असतील तेव्हा त्यांच्यात काय बोलणे होत असेल याची कल्पना करता येते. कारण ठसा मान्य करणे म्हणजे आपल्या गावावर बोजा ओढवून घेणे. असे नेमके, व्यवहारातले काम एखाद्या शब्दाकडे असले की त्याचा अर्थ सहजासहजी ढळत नाही. 'माग'चा ढळला नाही याचे कारण मला इथे दिसते. आणि मनूने राजाला जे करायला सांगितले ते गावचा जागल्या उपमेवाचून, अक्षरशः करत होता.

यावर सर्वांत अवघड आक्षेप असा, की 'मग्ग'चा रस्ता हा अर्थही प्राकृतात आणि पालीत भरपूर आहे. हिंदी काव्यात 'मग' म्हणजे वाटच. तेव्हा मराठीने जुना अर्थ सांभाळला असे न म्हणता, रस्त्याच्या अर्थावरून मराठीने नव्याने ठशाचा अर्थ घडवला असे का म्हणू नये? रस्त्यावरून पाऊलखुणेकडे जाणे अशक्य नाही, हे मान्य. पण मग मराठीतला ठसा आणि संस्कृतातली मृगया यांची भेट निव्वळ योगायोग मानावी लागेल, आणि प्राकृतात शोधणे या अर्थाने जे 'मग्गइ' हे क्रियापद आहे ते कुठून आले याचा वेगळा खुलासा करावा लागेल. रस्ता या नामापासून शोधणे हे क्रियापद निघण्यापेक्षा माग या नामापासून ते निघणे कितीतरी सोपे. दोन्ही अर्थ प्राकृतात शेजारी शेजारी नांदत होते, पुढे वेगवेगळ्या भाषांनी वाटणी केली, आणि मराठीच्या वाटणीला ठसा आला, असे मानले की सगळी माहिती नीट बसते. मराठीला रस्त्यासाठी 'माग' लागतच नव्हता. त्या कामाला 'वर्त्मन्'वरून आलेली 'वाट' आधीच हजर होती, वृत् म्हणजे फिरणे या धातूतली, चाकाखाली तयार झालेली. पुढे फारसीतला रस्ताही आला. ज्याचे काम दुसऱ्यांनी घेतले तो शब्द आपल्या खास कामापुरता उरतो.

वाट आणि माग यांतली ही वाटणी पक्की झालेली पाहायची असेल तर ज्ञानेश्वरीचा शेवट काढावा. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव आपण हा ग्रंथ कसा रचला ते सांगतात. त्या ओवीत, प्रचलित पाठानुसार, मागोवा घ्यायचा तो व्यासांचा आणि वाट विचारायची ती भाष्यकारांना, अशी योजना आहे. एकाच ओवीत दोन शब्द, दोन माणसांसाठी, आणि त्यांची अदलाबदल करून चालत नाही. व्यास पुढे निघून गेलेले आहेत. त्यांना काही विचारता येत नाही. त्यांच्या पावलांच्या खुणा म्हणजे गीतेचे श्लोक, ते वाचत जायचे. भाष्यकारांचे तसे नाही. त्यांनी त्याच मुलखातून जाऊन आल्यावर वाटेची माहिती लिहून ठेवली आहे, म्हणजे ते वाटाडे आहेत, आणि वाटाड्याला विचारता येते. मूळ ग्रंथ आणि भाष्य यांच्याशी लेखकाचे नाते कसे वेगळे असते हे या दोन क्रियांतून निघते, त्यावर वेगळे प्रवचन ज्ञानदेवांनी केलेले नाही. तिथे मागोव्याच्या जागी तत्सम 'मार्ग' घालून पाहावा. व्यासांचा मार्ग घेतला असे म्हटले की व्यासांचा संप्रदाय पत्करला असा अर्थ होतो, खुणा वाचण्याचे कष्ट नाहीसे होतात. ज्या संस्कृत शब्दाला आपण मूळ म्हणतो तो इथे निरुपयोगी आहे, आणि त्याचे तथाकथित भ्रष्ट रूप नेमके बसते.

व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरवणे हा दोषच आहे, असा शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो तत्त्वतः मला मान्य आहे. महामार्गावर कुणी जनावराचे ठसे शोधत नाही आणि शोधूही नयेत. पण माझा दावा मूळ अर्थ आजही बंधनकारक आहे असा नाही. तो आजही वापरात आहे, फक्त शब्दकोशाच्या दुसऱ्या पानावर, असा आहे. तत्सम रूपातूनही तो पुरता गेलेला नाही. मार्ग बांधतात, आखतात, रुंद करतात, पण अडचण आली की मार्ग काढतात, आणि हे 'काढणे' म्हणजे माग काढण्यातलेच काढणे. 'मार्ग सापडला' म्हणणारा माणूस रस्त्याबद्दल बोलत नसतो. तेव्हा मराठी कोशांनी 'माग'ला 'मार्ग'चा अपभ्रंश एवढे म्हणून सोडून देऊ नये, आणि 'मार्ग'खालीही रस्ता पहिला न देता शोध पहिला द्यावा, असे मला वाटते. क्रम बदलला की मार्ग काढणे, मागोवा, मागे हे सगळे शब्द वाचकाला एका ओळीत दिसतील.

या कुळातली एक शाखा राहिली. प्राकृत 'मग्गइ' म्हणजे शोधतो, आणि पुढे मिळावे म्हणून विचारतो, याचना करतो. तेच मराठीतले मागणे, हिंदीतले माँगना. शोधणारा बाण मागे पडला आणि शोधणारा याचक तेवढा टिकला. मग मुलीला मागणी घालणे आले, कामगारांच्या मागण्या आल्या, आणि अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मागणी आणि पुरवठा यांचा नियम आला. बाजारात भाव ठरवणारी मागणी रानातल्या शिकारीतून निघाली आहे, हे ऐकून अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना फारसे नवल वाटणार नाही.